गृहिणीची श्रद्धा : कै. लक्ष्मीबाई टिळक

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातिबंधन सोडून गेलेल्या स्त्रीचे चरित्र यावे, याचे काही सभासदांस नवल वाटेल. परंतु कै. लक्ष्मीबाई टिळक जन्माने आपल्यापैकीच होत्या. त्यांनी काय सोडले आणि काय जपले, याचा विचार आपणच अगत्याने करावयास हवा.

नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात १८६८ साली त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके कडक की त्यापायी सारे घर त्रासून जाई. लहान वयातच त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. पती विद्वान आणि कवी, परंतु व्यवहारात बेफिकीर. हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन मोकळे होणारे. संसाराची ओढाताण पत्नीच्या वाट्यास आली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. धर्मांतर केलेल्या माणसाशी अन्नोदकव्यवहार ठेवणे त्या काळी अशक्यच होते. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे पतीकडे परतल्या, त्याही स्वतःचा धर्म आणि सोवळे सांभाळूनच. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही, हे त्या उभयतांना भूषणावह होय.

त्यांचे मन पालटले ते कोणाच्या प्रवचनाने नव्हे. जातिभेद देवाने निर्मिला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी एका रात्री स्वतःलाच विचारला. तो माणसाचाच, असा कौल मनाने दिला. त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या कचरल्या नाहीत. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली झाला. प्रथम स्वयंपाकघर बदलले, मग धर्म. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

यापुढे त्यांची श्रद्धा चुलीपाशी आणि रुग्णाच्या उशाशी दिसू लागली. पोरकी मुले त्यांच्या घरात वाढली. पाहुणा कोणत्या जातीचा, हे त्या घरात विचारले जात नसे. प्लेगच्या दिवसांत त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. पदरी पैसा थोडा आणि खाणारी तोंडे पुष्कळ, अशा स्थितीतही त्यांचा विनोद आटला नाही. पतीचे औदार्य लोकांना दिसे. त्या औदार्यामागे उद्याच्या धान्याची काळजी मात्र लक्ष्मीबाईंनी वाहिली.

१९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या स्त्रीने त्यात ६४ अध्यायांची भर घातली. पुत्र देवदत्त यांच्या आग्रहाने लिहिलेली 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून क्रमाने प्रसिद्ध झाली आणि मराठी आत्मचरित्रांत अग्रस्थानी जाऊन बसली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

धर्मांतराचा त्यांचा निर्णय प्रत्येकास पटावा, असा आग्रह नाही. परंतु स्वतःवर राग धरणाऱ्या आप्तांविषयीही त्यांच्या लेखणीत कडवटपणा नाही. आपल्या घरातील देव्हारा कोणताही असो, दारी आलेल्या माणसाला आपण कोणत्या भांड्यातून पाणी देतो, यावरून आपल्या धर्माची परीक्षा होते. लक्ष्मीबाई त्या परीक्षेत उतरल्या. आपल्या कुटुंबांनीही ती स्वतःस लावून पाहावी, हीच त्यांच्या स्मृतीस खरी आदरांजली होय.