फादर आंद्रादे यांवरील आक्षेप

येशूसंघाचे पोर्तुगीज मिशनरी फादर अंतोनियो द आंद्रादे हे ३० मार्च १६२४ रोजीं ब्रदर मानुएल मार्केस यांसह आग्र्याहून निघाले व हिंदु यात्रेकरूंच्या वेषानें बद्रीनाथाच्या वाटेस लागले. त्या वेषास कोणी लबाडी म्हणतात. परंतु फिरंगी वेषानें त्यांस ती वाट कोणी चालूं दिली असती? यात्रेकरू बनूनहि श्रीनगरास त्यांची कसून चौकशी झाली.

माना खिंडींत बर्फाच्या तेजानें त्यांची दृष्टि मंदावली. बोटाचा तुकडा गळाला, तो रक्त दिसेपर्यंत त्यांस कळलाहि नाहीं. एकवार परतावें लागलें, तरी पुनः चढून ते गूगेची राजधानी छापरांग येथें पोहोंचले. तेथें १६२६ च्या ईस्टर रविवारीं प्रभुमंदिराचा पाया घातला गेला.

पुढें भूगोलवेत्त्यांनीं त्यांच्या प्रवासाविषयीं घोटाळा केला. गढवालांतील श्रीनगर तें काश्मीरचें समजले. खिंडींतील लहानसें तळें मानसरोवर ठरविलें, आणि दोष मात्र फादरांच्या माथीं! हॉलंडचे येशूसंघी फादर वेसल्स यांनीं मूळ पत्रें तपासून १९२४ सालीं खरा मार्ग दाखविला. १६२६ सालच्या लिस्बन येथील पुस्तकाच्या नांवांत तिबेटास कॅथे म्हटलें, ही चूक खरीच. कॅथे म्हणजे चीन, हें ब्रदर बेंतो द गोइश यांनीं १६०७ सालीं मरण्यापूर्वींच सिद्ध केलें होतें. परंतु नांव चुकलें म्हणून चाललेली वाट खोटी ठरत नाहीं.

१६३० सालीं ते गोव्याचे प्रांताधिकारी झाले. तिबेटास पुनः जाण्याची त्यांची तयारी होती. पण १९ मार्च १६३४ रोजीं गोव्यांतच विषप्रयोगानें त्यांचा अंत झाला.