आमरीच्या वाटेवरचे फादर

उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की वऱ्हाडातला माणूस परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला जातो. मेळघाटातल्या झाडांच्या फांद्यांवर कधीकधी जाड पानांचे आणि लोंबत्या मुळांचे झुबके दिसतात. आपण त्यांना बांडगूळ म्हणून मोकळे होतो. पण ती असते आमरी, म्हणजेच ऑर्किड. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी मात्र फांदीवर नुसती बसते आणि हवेतला ओलावा व सालीवरचा कचरा एवढ्यावर संसार करते. जुन्या मुंबई प्रांतातल्या आमरींची ओळख ज्यांनी ग्रंथरूपाने करून दिली ते एक स्पॅनिश धर्मगुरू होते. त्यांचे नाव फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव.

५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेनच्या तारागोना प्रांतातील ला गालेरा गावी ते जन्मले. जेझुइट संघात दाखल झालेला हा तरुण १९२८ मध्ये भारतात आला. पुढे लंडनला वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट करून, क्यू उद्यानात अभ्यास करून १९४० मध्ये ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात प्राध्यापक झाले. नंतर त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. आलेला पाहुणा घरचाच झाला.

सह्याद्री हीच त्यांची प्रयोगशाळा होती. खंडाळ्याचे डोंगर त्यांनी वर्षानुवर्षे पायाखाली घातले. त्यातून १९५३ मध्ये खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ झाला, मागोमाग पुरंदरचाही. झेड. कपाडिया यांच्याबरोबर त्यांनी आमरींचा ध्यास घेतला. पाचगणीच्या नावाने ओळखली जाणारी हबेनारिया पंचगणिएन्सिस ही आमरी या दोघांनीच शास्त्राच्या वहीत नोंदवली. १९६६ मध्ये दोघांचा मुंबई प्रदेशातील ऑर्किडांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

इथे कुणी विचारील, नुसती नावे देऊन काय साधले? उत्तर आमरीच्या बीमध्ये आहे. एका बोंडात हजारो, कधी लाखो बिया असतात. पण त्या धुळीसारख्या. ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते, आमरीच्या बीत जवळपास काहीच नसते. आयुष्य बँकेत गेलेल्या माझ्यासारख्याच्या भाषेत सांगायचे तर जन्मतःच खात्यात शिल्लक शून्य! रानात एक विशिष्ट बुरशी तिला अन्न पुरवते, तेव्हाच बी रुजते. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला हे कोडे १८९९ मध्ये उलगडले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या अगरवर, बंद काचपात्रात, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवले. त्यानंतर ही रोपे काचघरात वाढवण्याची वाट मोकळी झाली. पण ही वाट लांबची आहे. पात्रातून काढलेले नखाएवढे रोप सावली आणि दमट हवा देत सांभाळावे लागते, आणि पहिले फूल दिसायला बहुधा काही वर्षे जातात.

म्हणजे रानातली एक आमरी ओरबाडली तर तिची जागा सहजी भरत नाही. आणि कोणती आमरी दुर्मिळ, ती कुठे उगवते, केव्हा फुलते, हे ठाऊक नसेल तर बी तरी कुणाचे धरणार? काचघराच्या आधी वही लागते. ती वही फादरांनी लिहिली.

त्यांच्या कामाला एक बोचरी बाजूही होती. नोंद करायची तर नमुना खुडावा लागतो, दाबून, वाळवून कागदावर चिकटवावा लागतो. अभ्यासकाचा हात आणि लुटारूचा हात, दोन्ही एकाच फांदीकडे जातात. फरक असतो तो कशासाठी, याचा. एकाच्या हाती विक्रीचा माल उरतो, दुसरा पुढच्या पिढ्यांसाठी पुरावा ठेवून जातो. झेवियर्समधला ब्लाटर वनस्पतिसंग्रह त्यांनी सांभाळला तो याच भावनेने.

१९६१ ते १९६७ या काळात ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. तमिळनाडूतील येरकाड येथे १९६३ मध्ये संस्थेची आमरीबाग उभी राहिली, ती याच काळात. रानातून नाहीशा होऊ शकणाऱ्या जातींना तिथे हक्काचे घर मिळाले. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सेरोपेजिया सांतापाई या सह्याद्रीतल्या नाजूक वेलीला त्यांचे नाव आहे. आयुष्यभर इतरांना नावे देणाऱ्याला याहून उचित स्मारक कोणते?

त्यांच्या निधनाच्या जेमतेम तीन महिने आधी, २० ऑक्टोबर १९६९ रोजी, अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले होते. आज लग्नमंडपातली जांभळी ऑर्किडे आपल्या ओळखीची झाली आहेत. ती बहुतेक संकरित, शेडनेटमध्ये वाढवलेली. मेळघाटातली आमरी मात्र अजून आपल्याला बांडगूळच वाटते. पुढच्या वेळी चिखलदऱ्याला जाल तेव्हा मुलांना तो झुबका दाखवा, तिचे नाव सांगा, आणि तोडायला पुढे झालेला हात हळूच धरा. फादरांना तेवढे पुरले असते.