विनोबांनी परीक्षा सोडली, शिकणं नाही

विनोबा भावे म्हटलं की सर्वांना भूदान आठवतं. मला मात्र त्यांच्या कॉलेजातल्या दिवसांची गोष्ट जास्त आवडते.

त्यांचं पाळण्यातलं नाव विनायक. जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. वडील बडोद्याला नोकरीस होते, म्हणून शिक्षण तिथेच झालं. गणितात ते फार हुशार! असा मुलगा शिकून मोठा साहेब होणार, असंच कुणालाही वाटलं असतं. पण विनायकाचं मन नोकरीत रमेना. एके दिवशी त्यांनी आपली सर्टिफिकिटं आईसमोर चुलीत घातली.

१९१६ साली ते इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले, आणि मधेच सुरतेला उतरून थेट काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवायचं आणि संस्कृत शिकायचं. गांधीजींचं काशीतलं भाषण त्यांच्या वाचनात आलं. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ ला ते अहमदाबादच्या आश्रमात पोचले. तिथे दळण, सूतकताई, सफाई सगळं केलं.

आमच्याकडे कुणी कॉलेजात मधेच वाट बदलली, की घरात दोन दिवस कुणी नीट बोलत नाही. मायबापानं पोटाला चिमटा घेऊन फी भरलेली असते, त्यांचंही खरंच आहे. पण विनोबा काही आळसानं घरी बसले नाहीत. १९१७ मध्ये आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन ते वाईला संस्कृत शिकायला गेले आणि कबूल केलेल्या वेळी परत आले! आईला संस्कृत गीता समजत नसे. तिच्यासाठी पुढे त्यांनी मराठीत 'गीताई' लिहिली, पण ती वाचायला आई राहिली नव्हती. ती १९१८ सालीच वारली होती.

१८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्ली गावी त्यांना पहिलं भूदान मिळालं, शंभर एकर! तेव्हा ते गाव आणि आपली परभणी एकाच हैदराबाद राज्यात होती. पुढे तेरा वर्षं ते पायी फिरले. मिळालेली सगळीच जमीन काही वाटली गेली नाही, तरी कितीतरी भूमिहीनांना शेत मिळालं. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, वाट बदलायची तर बदला, पण आधी घरी बसून बोला. आणि पालकहो, लेकराला रागावण्याआधी एवढंच विचारा, की तू आता काय शिकणार आहेस? त्याच्यापाशी उत्तर असलं, तर समजा की ते वाया गेलेलं नाही.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी