जिम कॉर्बेट: बंदुकीपासून कॅमेऱ्यापर्यंत, आणि आपल्या सह्याद्रीतला वाघ

सध्या आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर वाघ फिरतोय. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातली एक वाघीण चांदोलीत आणून सोडली, तेव्हापासून तर जास्तच. कुठलातरी, कधीचातरी व्हिडिओ येतो आणि खाली एकच शब्द असतो : नरभक्षक. माझ्यासोबत काम करणारी निम्मी पोरं शाहूवाडी, शिराळा, पन्हाळा भागातली. त्यांच्या घरची गुरं रानात चरायला जातात, आई-बाप अंधार पडायच्या वेळेला शेतावर असतात. त्यामुळे हा विषय त्यांच्यासाठी टाइमपास नाही. भीती खरीच आहे.

मी मेंटेनन्सला आहे. सेन्सर, वायरिंग, मशीन का बंद पडलं ते शोधणं, हे माझं काम. म्हणून मला यात एक माणूस फार जवळचा वाटतो. जिम कॉर्बेट. नाव सगळ्यांनी ऐकलंय, नॅशनल पार्कही माहीत असतं. पण शिकारी म्हणून त्याची जेवढी कीर्ती झाली, तेवढी त्याच्या दुसऱ्या कामाची झाली नाही. बिघाड कुठे झाला ते पुराव्यावरून शोधायची त्याची पद्धत आणि नंतर हातात घेतलेला कॅमेरा, यांबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं.

पोस्टमास्तरचा मुलगा

कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. जिम सहा वर्षांचा असताना ते वारले आणि मोठं कुटुंब आई मेरी जेनच्या अंगावर पडलं. थंडीत ही मंडळी खाली कालाढुंगीला राहायला यायची. घरापासून जंगल चालत जाण्याइतकं जवळ. पोरगा आधी गलोल घेऊन फिरला, मग एका नळीला चीर गेलेली जुनी ठासणीची बंदूक मिळाली. अशा बंदुकीने नेम चुकवून चालत नाही, त्यामुळे तो बघायला आणि ऐकायला शिकला. पक्ष्यांचे, माकडांचे, हरणांचे आवाज ऐकून वाघ किंवा बिबट्या कुठून कुठे निघालाय हे त्याला समजायचं. हे त्याचं पहिलं नेटवर्क म्हणा.

शिक्षण पुढे परवडण्यासारखं नव्हतं. अठराच्या आसपास तो बेंगॉल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत लागला. इंजिनांना लाकूड पुरवायचं काम, पगार महिना १०० रुपये. पुढे बिहारमध्ये गंगेकाठच्या मोकामा घाटला त्याने माल उतरवण्या-चढवण्याचं कंत्राट घेतलं. नदीच्या एका बाजूला ब्रॉडगेज, दुसरीकडे मीटरगेज, त्यामुळे सगळा माल माणसांनी हातानेच हलवायचा. वीसेक वर्षं हा माणूस तिथे हमालांबरोबर राहिला, वेळ पडली तेव्हा त्यांच्याबरोबर कोळशाचं फावडंही मारलं. आपल्याकडे लोडिंगला उभं राहिलेल्या कुणालाही हे काम काय असतं ते सांगायला नको.

बिघाड शोधायची पद्धत

नोकरीतून सुट्टी काढून तो नरभक्षकांच्या मागे जायचा. चंपावतची वाघीण हा त्याचा पहिला नरभक्षक, साल १९०७. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी लावले जातात, त्यातले सुमारे २०० नेपाळमधले. जायच्या आधी कॉर्बेटने दोन अटी घातल्या : इनाम रद्द करा आणि बाकीचे शिकारी परत बोलवा. पैशासाठी मारणारा ही ओळख त्याला नको होती, आणि दुसऱ्याच्या गोळीने मरायचंही नव्हतं.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते वाघीण पडल्यानंतरचं. त्याने तिचा जबडा उघडून बघितला. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. जुनी गोळी लागलेली. सांबर, रानडुक्कर धरायला सुळेच लागतात. ते गेल्यावर तिला जे जमण्यासारखं होतं ते तिने केलं. मुक्तेश्वरच्या वाघिणीचंही तसंच. साळिंदराशी झालेल्या मारामारीत तिचा एक डोळा गेला होता आणि पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतून बसले होते.

म्हणजे त्याने शेवटी जे मांडलं ते असं : वाघ माणसाच्या मागे सहसा लागत नाही, लागला तर मागे जखम असते, म्हातारपण असतं, किंवा कुणाचीतरी अर्धवट सोडलेली गोळी असते. पिल्लांजवळ गेलेल्या किंवा शिकारीवर बसलेल्या वाघाला अचानक जाऊन धडकलेल्या माणसावर हल्ला झाला तर तो वाघ नरभक्षक ठरत नाही. हा फरक ग्रुपवर कुणी करत नाही.

रुद्रप्रयागचा बिबट्या त्याने २ मे १९२६ ला मारला. आठ वर्षांत १२५ माणसं गेली होती. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेचा रस्ता, रात्री दारं लावून बसलेली गावं. तेव्हा कॉर्बेट पन्नाशीत होता आणि कित्येक रात्री त्याने झाडावर काढल्या. ती दहशत त्याने जवळून बघितली होती. त्यामुळे पुढे तो वाघाच्या बाजूने बोलला तेव्हा गावकऱ्यांचं दुःख माहीत नसलेला साहेब म्हणून त्याला कुणी उडवून लावू शकलं नाही.

ठसे वाचण्यात तर तो उस्ताद. इथे फाउंड्रीवाल्यांना एक गंमत कळेल. साच्याच्या ओल्या वाळूतून पॅटर्न काढल्यावर कड कशी करकरीत असते, आणि वाळू सुकत गेली की ती कशी ढासळते? पंजाच्या ठशाचंही तेच होतं. कड किती धारदार आहे, आत पानं-किडे आलेत का, दव आधी पडलं की पाय आधी पडला, यावरून वाघ कधी गेला हे ठरतं. पण ठसा वाचणं वेगळं आणि ठशांवरून अख्ख्या देशाचे वाघ मोजणं वेगळं. आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं मोजणी ठशांवरच चालली. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये एकही वाघ उरला नाही हे २००५ च्या सुमारास उघड झालं, तेव्हा ती पद्धत सोडावी लागली.

झऱ्याला घातलेला बांध

आता कॅमेऱ्याकडे येऊ. १९२० च्या दशकात तेव्हाच्या संयुक्त प्रांताच्या जंगलात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा वनाधिकारी होता. हा गडी बंदूक न घेता फोटो काढायचा. पायवाटेवर बारीक तार ताणायची, वाघाचा पाय लागला की शटर उघडणार आणि मॅग्नेशियमचा भडका उडणार. एका रात्री एकच फोटो, तोही वाघाच्या मर्जीने. आजच्या कॅमेरा ट्रॅपचा हा आजोबा. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि त्यावरून तो ओळखता येतो, हेही चॅम्पियनने फोटो शेजारी-शेजारी ठेवून दाखवलं.

त्याच्यामुळे कॉर्बेट कॅमेऱ्याकडे वळला, आणि त्याने घेतला १६ मिलिमीटरचा सिने कॅमेरा. अडचण अशी की त्या कॅमेऱ्याची घरघर वाघाला लांबून ऐकू यायची आणि तो निघून जायचा. तुमच्या फोनला सायलेंट मोड आहे, त्याच्याकडे नव्हता. मग त्याने काय करावं? जंगलातल्या एका लहान झऱ्याला बांध घालून छोटे धबधबे तयार केले, म्हणजे पाण्याच्या आवाजात कॅमेऱ्याचा आवाज बुडेल. मग महिनोन्‌महिने खपून वाघांना दिवसाउजेडी तिथे यायची सवय लावली. शेवटी एकाच ठिकाणी सात वाघ त्याच्या फिल्मवर आले. सॉफ्टवेअर नाही, एडिटिंग नाही, आवाजावर आवाजाचा उतारा. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या शिकारींपेक्षा हे काम भारी.

पण त्याला देवही करू नका. १९३० च्या हिवाळ्यात त्याने पोवलगढचा प्रचंड मोठा नर मारला. तो नरभक्षक नव्हता. त्या काळातल्या शिकाऱ्यांना हवी असलेली ती ट्रॉफी होती, एवढंच. व्हाइसरॉयसाठी शिकारीचे बेत आखून देण्यातही तो असायचा. कॅमेरा आला म्हणून बंदूक एका दिवसात सुटली नाही. तरीही १९३६ मध्ये भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, हेली नॅशनल पार्क, उभं राहिलं तेव्हा त्याच्या हद्दी आखण्यात कॉर्बेटचा सल्ला होता. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, ठाकची वाघीण हा त्याचा शेवटचा नरभक्षक ठरला.

दुसऱ्या महायुद्धात त्याने सैनिकांना जंगलात जगायचं शिक्षण दिलं, आजारपणं काढली आणि १९४४ मध्ये कुमाऊंच्या नरभक्षकांवरचं पुस्तक आलं. छापणारी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची मुंबईची शाखा, म्हणजे जगभर गेलेलं हे पुस्तक निघालं आपल्या मुंबईतून. १९४७ च्या अखेरीस तो आणि बहीण मॅगी त्याच मुंबईहून आगबोटीने केनियाला गेले. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. जाण्याआधी छोटी हल्द्वानी गावातली आपली जमीन त्याने कसणाऱ्यांना देऊन टाकली. केनियात न्येरी इथे १९ एप्रिल १९५५ ला तो वारला. त्याच्या माघारी हेली पार्कला त्याचं नाव मिळालं, आणि १९७३ मध्ये प्रोजेक्ट टायगरची सुरुवातही तिथूनच झाली.

आजची तार

चॅम्पियनच्या तारेच्या जागी आता पीआयआर सेन्सर आहे. आमच्या कंपनीच्या गेटवर माणूस आला की आपोआप लागणारा दिवा असतो ना, त्यातला तोच. आत दोन भाग असतात. दोन्हींवर सारखी उष्णता पडली तर तो गप्प. एकावरून दुसऱ्याकडे सरकली की सिग्नल. म्हणून गरम कास्टिंगची ट्रॉली गेली तरी आमचा दिवा लागतो, आणि जंगलात उन्हाने तापलेलं गवत हललं तरी कॅमेरा फोटो काढतो. वाघाच्या दोन बाजूंचे पट्टे वेगळे असल्यामुळे वाटेच्या दोन्ही कडांना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. २०१८ च्या गणनेत देशभरात अशा २६,८३८ जागा होत्या आणि जवळपास ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले. त्यातले वाघाचे ७६,६५१. बाकी गवत, गुरं, माणसं आणि इतर प्राणी. आधी संगणक प्राणी वेगळे करतो, मग पट्टे जुळवणारं सॉफ्टवेअर वाघ ओळखतं. त्या गणनेत असे २,४६१ वेगवेगळे वाघ सापडले. २०२२ चा एकूण अंदाज ३,६८२.

आता आपल्याकडचं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा, चांदोली आणि कोयना मिळून. वाघ आहे की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालायचा, मे २०१८ मध्ये कॅमेरा ट्रॅपने फोटो दिला. मग २०२२ मध्ये राधानगरी अभयारण्यात एक नर दिसला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत एका नराचा फोटो आला. पट्टे जुळवले तर तोच. राधानगरीतून चांदोलीला जायचं तर मध्ये कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता ओलांडावाच लागतो. शिरोलीतून मालाच्या गाड्या रात्रंदिवस त्याच रस्त्याने रत्नागिरीकडे जातात, वाटेत गावं आहेत, ऊस आहे, धाबे आहेत. एवढ्यातून तो गेला, आणि तेव्हा आमच्या एकाही ग्रुपवर काहीच आलं नव्हतं.