येवल्यातला निर्णय आणि शाळेतला तास

आमच्या नाशिक जिल्ह्यातलं येवला पैठणीसाठी प्रसिद्ध. आम्ही मुलांना ते १३ ऑक्टोबर १९३५ साठीही सांगतो. जन्माने मिळालेला धर्म सोडणार, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जाहीर केलं. काळाराम मंदिरासमोर १९३० पासून सत्याग्रह चालला, तरी दार उघडलं नव्हतं.

शाळेत त्यांना वेगळं बसवलं. संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून ते फारसी शिकले. (हे ऐकताना आमच्या उर्दूच्या वर्गात मुलं कान टवकारतात.)

येवल्यानंतर मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, सगळ्यांनीच त्यांना बोलावलं. बाबासाहेबांनी घाई केली नाही. २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला.

मधल्या काळात ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा हक्क दिला. हे आपल्या पालकांना पाठ असतं. कलम २८ फारसं माहीत नसतं. पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, आणि अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्या तासाला बसवता येत नाही. आपल्या संस्थांतल्या दीनियातच्या तासालाही हेच लागू, असं पालकसभेत सांगितलं की काही चेहरे उतरतात.