मसूर स्टेशन ते न्यूयॉर्क : बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाची दहा वर्षं

डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकले, मोठ्या पदव्या घेऊन आले, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण हे शिक्षण एका दमात झालं नाही, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. 1913 साली सुरू झालेलं शिक्षण 1923 साली पुरं झालं. मध्ये शिष्यवृत्ती संपली, पुस्तकं समुद्रात बुडाली, नोकरी गेली, राहायला जागा मिळाली नाही. तीन वर्षं शिक्षण बंदच होतं. तरीही ते तुटलं नाही. ते कसं जोडलं गेलं, हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलामुलींनी समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात आपल्या जिल्ह्यातूनच करावी लागते. 14 एप्रिल 1891 रोजी महू इथं जन्मलेले भीमराव वडिलांसोबत दापोलीला आणि तिथून साताऱ्याला आले. वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार, लष्करी शाळेत शिक्षक राहिलेले. आई भीमाबाई लवकर गेल्या, मुलांना आत्या मीराबाईंनी सांभाळलं. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमरावांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत दाखला मिळाला, पण वर्गात वेगळं बसावं लागे आणि पाण्याच्या नळाला स्वतः हात लावता येत नसे.

त्याच काळात वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. तिथं तलावाचं खोदकाम चालू होतं. 1901 च्या उन्हाळी सुट्टीत मुलं वडिलांना भेटायला निघाली. भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुलं. नवे कपडे घालून ती रेल्वेनं मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांना वेळेत निरोप पोचला नव्हता, त्यामुळं घ्यायला कोणीच आलं नव्हतं. स्टेशन मास्तरांनी आधी आपुलकीनं चौकशी केली, पण मुलं महार आहेत हे कळताच त्यांचा नूर बदलला. दुप्पट भाडं देऊ केलं तरी गाडीवाले तयार होईनात. शेवटी एकजण तयार झाला, तोही अशा अटीवर की बैलं मुलांनीच हाकायची, आपण बाजूनं चालणार. डब्यात जेवण होतं, पण वाटेत कुणी पाणी देईना. ती रात्र मुलांनी उपाशी आणि तहानलेली काढली. वडिलांकडं ती दुसऱ्या दिवशी पोचली.

बाबासाहेबांनी पुढं आपल्या आठवणी लिहिल्या, तेव्हा या प्रवासाला त्यात आधी जागा दिली. या मुलानं बारा वर्षांनी थेट न्यूयॉर्क गाठलं.

करारावर सही

साताऱ्याहून कुटुंब मुंबईला गेलं. परळच्या चाळीतल्या छोट्या खोलीत राहून भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून 1907 साली मॅट्रिक झाले. त्या काळात ही इतकी मोठी गोष्ट होती, की त्यांच्या सत्काराची सभा भरली. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढं कॉलेजसाठी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना 25 रुपयांची मदत सुरू केली. भीमराव बी.ए. झाले आणि 1913 च्या सुरुवातीला बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. पण थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याचं कळलं आणि ते मुंबईला परतले. 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजी गेले. पोरानं शिकावं म्हणून कर्ज काढून पुस्तकं आणणारा बाप नेमका या वळणावर गेला.

त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. त्यात भीमरावांची निवड झाली. 4 जून 1913 रोजी त्यांनी करारावर सही केली. शिष्यवृत्ती तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. शिक्षण झाल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. वय 22. घरी पत्नी रमाबाई आणि लहानगा यशवंत. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

सुरुवातीला ते विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले, पण तिथलं जेवण मानवेना. मग मुक्काम हलवला. पुढं नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्यासोबत खोली मिळाली. ही मैत्री जन्मभर टिकली आणि ऐन अडचणीत कामाला आली.

तिथं पहिल्यांदा त्यांना बरोबरीनं बसता आलं, बरोबरीनं जेवता आलं, पाहिजे ते पुस्तक हातात घेता आलं. ज्याला शाळेत नळाला हात लावता येत नव्हता, त्याच्यासाठी हे काय असेल, याचा विचार करा. पण हातात वेळ मोजकाच होता. आधी मोकळेपणाचं थोडं अप्रूप वाटलं, मग त्यांनी अभ्यासाला जुंपून घेतलं. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे, उरलेल्यात भागवायचं आणि त्यातूनही जुनी पुस्तकं विकत घ्यायची. तीन वर्षांत अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र या विषयांचेही वर्ग केले. एडविन सेलिग्मन, जॉन ड्युई यांच्यासारखे प्राध्यापक लाभले. 1915 मध्ये ते एम.ए. झाले. 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. जातिव्यवस्था कशी तयार झाली आणि कशी टिकून राहते, याची शास्त्रीय मांडणी त्यात होती. तेव्हा ते 25 वर्षांचे होते.

लंडन अर्ध्यावर सुटलं

1916 साली ते अमेरिकेतून लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, असं दोन्ही एकदम सुरू केलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. मुदतवाढ पुढं मिळेना आणि बडोद्याकडून परत येण्याचं बोलावणं आलं. करार होता, जावंच लागणार होतं.

इथं त्यांनी एक काम केलं, ज्याची चर्चा फारशी होत नाही. लंडन सोडण्याआधी त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की ऑक्टोबर 1917 पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढं चालू करता येईल. पैसे कुठून येणार, येता येईल की नाही, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. पण दार बंद होऊ दिलं नाही. ही परवानगी घेतली नसती तर पुढचं शिक्षण तिथंच राहिलं असतं.

पहिलं महायुद्ध चालू होतं. 21 ऑगस्ट 1917 रोजी ते कैसर-ए-हिंद बोटीनं मुंबईला उतरले. त्यांचं सामान आणि पुस्तकं दुसऱ्या बोटीनं येत होती. ती बोट पाणतीराच्या माऱ्यात बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. सामानाची जी भरपाई मिळाली, तीच बडोद्याला जायच्या खर्चाला आली.

बडोद्यातले अकरा दिवस

कराराप्रमाणे ते बडोद्यात हजर झाले. लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली. परदेशात शिकून आलेला अधिकारी, पण शहरात राहायला जागा मिळेना. नाइलाजानं एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव सांगून मुक्काम केला. कचेरीत शिपाईसुद्धा कागदपत्रं लांबून टाकत. अकराव्या दिवशी काही पारशी मंडळी काठ्या घेऊन आली आणि त्यांना खोली सोडायला लावली. मित्रांकडं विचारलं, पण कुणाच्याच घरी सोय होईना. त्या दिवशी ते बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले.

मसूरच्या स्टेशनावर नऊ-दहा वर्षांच्या पोराला गाडी मिळाली नव्हती. बडोद्यात कोलंबियाच्या एम.ए.ला खोली मिळाली नाही. मधल्या काळात मुलगा केवढा बदलला होता! समाज मात्र तसाच होता.

दुसऱ्यांदा लंडनला

मुंबईत त्यांनी मिळतील ती कामं केली. नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना साडेचारशे रुपये. त्या काळच्या मानानं चांगला पगार. कुणी म्हणालं असतं, आता बस झालं, घर बांधा, संसार करा. पण त्यांच्या डोक्यात लंडनची ती चार वर्षांची मुदत होती. काटकसर करून ते पैसे साठवत राहिले. घर रमाबाईंनी ओढलं, तेही परळच्याच चाळीत. नवऱ्याच्या शिक्षणासाठी त्या माउलीनं किती वर्षं हातातोंडाची गाठ घातली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

याच दरम्यान कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांशी ओळख झाली. महाराजांच्या मदतीनं 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' पाक्षिक निघालं. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, तिथं महाराजांनी बाबासाहेबांचं नेतृत्व जाहीरपणे उचलून धरलं. बाबासाहेबांनी कॉलेजची नोकरी सोडली. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज, एवढ्यावर जुलै 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. दिलेली चार वर्षं अजून संपली नव्हती.

या खेपेला तर जास्तच हाल झाले. साध्या खानावळवजा घरात राहायचं, सकाळी निघून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसायचं ते बंद होईपर्यंत. दुपारच्या जेवणाला पैसे घालवायचे नाहीत. परत येऊन रात्री पुन्हा वाचन. 1921 मध्ये एम.एस्सी. झाली, 1922 मध्ये बॅरिस्टरी. त्याच वर्षाच्या मे महिन्यात शाहू महाराज वारले. ज्यांनी हात दिला, त्यांना हे शिक्षण पुरं झालेलं पाहता आलं नाही.

ऑक्टोबर 1922 मध्ये बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. ब्रिटिश सरकारच्या चलन धोरणावर त्यात सडकून टीका होती. परीक्षकांनी तो पुन्हा लिहून द्यायला सांगितला. तोवर पैसे संपले होते. एप्रिल 1923 मध्ये ते मुंबईला परतले, प्रबंधाची मांडणी बदलली, पण निष्कर्ष बदलले नाहीत, आणि तो इथून परत पाठवला. नोव्हेंबर 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून सादर केल्यानंतर 1927 मध्ये रीतसर हाती आली.

शिकून काय केलं

या शिक्षणाचा वापर त्यांनी कुणासाठी केला, हे सगळ्यांना माहीत आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी त्यांनी हजारोंच्या साथीनं प्यायलं. मसूरहून निघालेल्या त्या तहानलेल्या रात्रीला तेव्हा 26 वर्षं झाली होती. 1942 साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्य समाजातल्या मुलांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी मदत द्यावी, अशी लेखी मागणी केली. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पाठोपाठ मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद कॉलेज उभं राहिलं. 1947 मध्ये राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. जून 1952 मध्ये कोलंबिया विद्यापीठानं त्यांना बोलावून मानाची पदवी दिली. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

लंडनमध्ये दुसऱ्या खेपेला ते ज्या घरात राहिले, ते घर 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं विकत घेऊन स्मारक केलं. राज्य सरकारची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची जी शिष्यवृत्ती आहे, तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. आपल्या तालुक्यांतली पोरं आज त्या वाटेनं जाण्याची स्वप्नं बघतात. कुणाचा अर्ज अडतो, कुणाचे पैसे वेळेवर येत नाहीत, कुणाला घरच्या अडचणीमुळं मध्येच परतावं लागतं. अशा वेळी खचून जायला होतं.

अशा पोरांनी बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी पाठ करण्याआधी 1917 ते 1920 ही तीन वर्षं नीट वाचावीत. हातात पदवी अर्धी, पुस्तकं बुडालेली, नोकरी गेलेली. तेव्हा त्यांच्याजवळ लंडनहून निघताना घेऊन ठेवलेली परत येण्याची परवानगी होती आणि तिची मुदत संपायच्या आत ते परत गेले.