लक्ष्मीबाई टिळक

मुंबईहून नागपूरला जाणारी आगगाडी भुसावळ, मलकापूर ओलांडून नांदुऱ्याला येते आणि पुढे शेगाव, अकोल्याकडे जाते. हा लोहमार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला. तुमच्यापैकी जे नांदुऱ्याला राहतात, त्यांना या गाड्यांची शिटी रोजच ऐकू येत असेल. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नाशिककडून नागपूरला जाणाऱ्यांचा मार्ग हाच होता. या मार्गाने नवऱ्याच्या मागे नागपूरला गेलेल्या एका बाईची ही हकिकत आहे. तिचे नाव लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या खेड्यात झाला. माहेरचे आडनाव गोखले. लहानपणी त्यांना मनू म्हणत. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने मनूच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी दिले होते. त्या धक्क्याने मनूच्या वडिलांचा स्वभाव पार बदलला. त्यांना सोवळ्याचे वेड लागले. दुसऱ्या जातीच्या माणसाची सावलीही त्यांना चालेना. बाजारातून आणलेले धान्यसुद्धा धुऊन वाळवल्याशिवाय घरात येत नसे. घरातली माणसे, विशेषतः मुले, या शिस्तीला कंटाळून जात. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे लक्ष्मीबाईंनी जे केले ते अशा घरातल्या मुलीने केले.

त्या काळी मुलींची लग्ने फार लवकर होत. अकरा-बारा वर्षांच्या मनूचे लग्न नारायण वामन टिळक या तरुणाशी झाले. नारायणराव हुशार होते, कवी होते. पण त्यांचा पाय एका जागी ठरत नसे. मनात आले की कोणाला न सांगता ते घर सोडून जात. हातात पैसा आला तर तो गरजू माणसाला देऊन मोकळे होत. घरात पीठमीठ आहे की नाही, याची काळजी लक्ष्मीबाईंनी करायची. त्यांनी शाळा पाहिली नव्हती. अक्षरओळख करून दिली ती नवऱ्यानेच. दोघांची भांडणे होत, रुसवे होत, पण एकमेकांवर माया फार होती.

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला गेले. मागाहून लक्ष्मीबाईही गेल्या. टिळकांच्या मनात तेव्हा मोठी खळबळ चालू होती. माणसामाणसांत उच्चनीच का असावे, देवाला हे कसे आवडेल, असे प्रश्न त्यांना छळत. आपणच एखादा नवा धर्म काढावा, असेही त्यांना वाटे. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. बोलता बोलता धर्माचा विषय निघाला. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना बायबल दिले. टिळक ते वाचू लागले. त्यांना लगेच पटले असे नाही. किती तरी शंका आल्या, पत्रव्यवहार झाला, रात्री जागून गेल्या. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

ही खबर कळली तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही. गेले तर जात जाईल, नाही गेले तर संसार जाईल. कडेवर चार वर्षांचा दत्तू. नातेवाइकांनी त्यांना सांभाळले, पण नवऱ्याकडे जाऊ नये असेच बहुतेकांचे मत होते. काही काळ त्या पंढरपूरला बहिणीकडे राहिल्या. याच दिवसांत त्या कविता रचू लागल्या. मनातले कोणापाशी बोलावे तर ऐकणारा रडू लागे. म्हणून ते ओव्यांत बोलत असाव्यात.

सुमारे साडेचार वर्षे अशी गेली. मग लक्ष्मीबाईंनी इरादा पक्का केला आणि दत्तूला घेऊन त्या अहमदनगरला नवऱ्याकडे गेल्या. पण त्या ख्रिस्ती होण्यासाठी गेल्या नव्हत्या. आपला धर्म आपण पाळणार, आपली चूल वेगळी राहणार, आपले पाणी वेगळे राहणार, हे त्यांनी स्पष्ट केले. टिळकांनी ते मान्य केले. धर्म बदला असा हट्ट त्यांनी बायकोजवळ धरला नाही. मला टिळकांची ही गोष्ट फार मोठी वाटते. एका संसारात दोन चुली पेटू लागल्या. दोन्ही बाजूंचे लोक नवल करीत. नातेवाइकांना वाटे, ही बाटलीच. ख्रिस्ती मंडळींना वाटे, ही अजून का थांबली आहे?

ती थांबली होती, कारण तिला पटले नव्हते. लक्ष्मीबाई कोणाच्या सांगण्यावरून काही मानणाऱ्या नव्हत्या. नवऱ्याचा धर्म तो आपला, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले नाही. आधी त्यांनी स्वतःशी एकच प्रश्न घातला. जाती देवाने केल्या की माणसाने? जनावरांचे प्रकार डोळ्यांना दिसतात. गाय वेगळी, घोडा वेगळा. पण दोन माणसे शेजारी उभी केली तर जात कुठे दिसते? हा विचार करता करता एके दिवशी त्यांची खातरी झाली की जाती माणसाने केल्या. मग त्यांनी ठरवले की उद्यापासून कोणाच्याही हातचे खायचे आणि प्यायचे. सोवळ्याच्या त्या घरात वाढलेल्या बाईला एक घोट पाणी पिण्यासाठी किती हिंमत लागली असेल, याची कल्पना आज आपल्याला करता येणार नाही. धर्माचा निर्णय त्यानंतर झाला. १९०० साली लक्ष्मीबाई आणि दत्तू यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या बाप्तिस्म्याला तेव्हा पाच वर्षे होऊन गेली होती.

पुढच्या काळात टिळकांचे घर म्हणजे धर्मशाळाच झाली. अनाथ मुले, विद्यार्थी, कवी, कोणीही यावे आणि राहावे. बालकवी ठोमरे हेही अहमदनगरला या घरात राहिले. ते हिंदू होते आणि हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे जपले. १९१८ साली भुसावळजवळच्या भादली स्टेशनात आगगाडीखाली सापडून बालकवी वारले. नांदुऱ्यावरून जाणारा हाच तो लोहमार्ग.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि मग तो महाराष्ट्रभर पसरला. प्लेगचे नाव काढले की सख्खे नातलगही दूर पळत. अहमदनगरला मिशनच्या मुलींमध्ये ही साथ शिरली, तेव्हा लक्ष्मीबाई त्या मुलींजवळ जाऊन राहिल्या. आजारी मुलींची त्यांनी शुश्रूषा केली. प्लेगच्या माणसाला हात लावणे म्हणजे जिवावर उदार होणेच होते. त्यांना भीती वाटली नसेल असे नाही. त्या मुळात भित्र्याच होत्या, असे त्यांच्याच आठवणी वाचताना वाटते. त्यात त्या स्वतःच्या घाबरटपणाची थट्टाही खूप करतात.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्याशासारखे राहायचे ठरवले. पुन्हा घराची घडी विसकटली. १९१९ साली मुंबईत टिळक वारले. त्यांनी येशूच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लिहायला घेतले होते. थोडेच अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालवले आणि साठाहून अधिक अध्याय रचले. शाळेत कधी न गेलेल्या बाईने हे केले, तेव्हा विद्वानांनीही तोंडात बोटे घातली.

म्हातारपणी त्या मुलाबरोबर काही वर्षे कराचीला राहिल्या. कराची आज पाकिस्तानात आहे. त्या वेळी तिथे बरीच मराठी कुटुंबे होती. याच काळात लक्ष्मीबाईंनी आपल्या आयुष्याच्या आठवणी लिहिण्याचे काम मनावर घेतले. घरात बोलावे तशी त्यांची भाषा आहे. रडण्याच्या जागी त्या हसवतात. ‘स्मृतिचित्रे’ या नावाने या आठवणी १९३४ पासून भागाभागांनी छापल्या गेल्या. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत आज त्यांची गणना होते. १९५० साली त्यांचे इंग्रजी भाषांतरही निघाले.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रे’चा शेवटचा भाग तेव्हा अपुरा होता. तो देवदत्त टिळक यांनी पुरा केला. आईचे बोट धरून अहमदनगरला गेलेला दत्तू तो हाच.